दहा नंबरचा भरवसा

माझ्या जाऊबाईंच्या सुनेनं दिवाळीआधी घरीच केस रंगवायला घेतले. आधी ब्लीच, मग वरून तपकिरी रंग. "काकू, १० व्हॉल्यूमचा डेव्हलपर आणलाय, अगदी सौम्य असतो," म्हणाली. सौम्य म्हणून ब्लीच टाळूपर्यंत लावलं आणि दीड तास ठेवलं. कपाळाच्या कडेला फोड आले, पुढचे केस कंगव्यात तुटून यायला लागले. तिला घेऊन एका पार्लरमध्ये गेलो, तर तिथली बाई म्हणते, "४० चा घ्यायचा ना, वीस मिनिटांत झालं असतं!" मी तिथेच भडकले.

केस रंगवावेत की नाही या वादात मी पडत नाही. साध्वीजींचा केशलोच पाहून डोळ्यांत पाणी येतं आणि घरी आल्यावर आपण भांगात पांढरं दिसतंय का ते आरशात बघतो. मीही बघते. पण रंगवायचेच तर त्या आकड्याचा अर्थ तरी कळू दे.

डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. १० व्हॉल्यूम म्हणजे साधारण ३ टक्के, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२. हा आकडा बाटलीतला, वाटीतला नव्हे. मी कॉमर्सची, मला हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही. ६ टक्क्यांच्या डेव्हलपरमध्ये तेवढाच रंग घातला की वाटीत ३ टक्के उरतात. एक भाग ब्लीच पावडरला दोन भाग घातला, तर ४. म्हणजे रंगापेक्षा ब्लीचच्या वाटीत पेरॉक्साइड जास्त, आणि वर त्या पावडरीतले परसल्फेट. खरी ताकद या जोडीत आहे. म्हणून डेव्हलपर १० चा घेतला तरी ब्लीच ते ब्लीचच, फक्त सावकाश चालतं.

या सावकाशीसाठीच मी १० च्या बाजूची आहे. दर पाच-दहा मिनिटांनी एक बट पुसून बघता येते, वेळेवर थांबता येतं. ४० च्या घाईत थांबायची वेळ कळेपर्यंत केस गेलेले असतात. पण सावकाश म्हणजे डोक्याला पिशवी बांधून मालिका बघत बसणं नव्हे. पाकिटावर जास्तीत जास्त जेवढी वेळ लिहिली आहे, ती १० लाही लागू. टाळूला लावायचं नाही. हवा तेवढा रंग उतरला नाही तर धुऊन टाका, उरलेलं काही आठवड्यांनी.

रंगाचं गणित वेगळं. केस गडद करायचे किंवा ब्लीचवर छटा चढवायची, तर १० पुरतो. चिवट पांढऱ्या केसांना मात्र बहुतेक वेळा २० लागतो. तिथे १० वापरून "रंग खोटा निघाला" म्हणू नका. आणि १० घेतला म्हणून रंगातल्या पीपीडीची ॲलर्जी टळत नाही. ४८ तास आधी त्वचेवर थेंब लावून बघायचा कंटाळा करू नका, दर वेळी. रंग आणि ब्लीच एकाच वाटीत कालवायची हौस तर सोडाच.

आपल्यातल्या कितीतरी जणी वर्षानुवर्षं काळी मेंदी लावतात. काही पाकिटांत धातूंचे क्षार असतात आणि त्यांवर पेरॉक्साइड पडलं की केस तापतात, तुटतात. आधी कापलेल्या चार केसांवर करून बघा, मग डोक्यावर.

सूनबाईंचे केस आता खांद्यापर्यंत आलेत. परवा फोन करून विचारत होती, "काकू, उरलेलं कालवलेलं ब्लीच डबीत घट्ट झाकून ठेवलंय, पुढच्या वेळी चालेल ना?" म्हटलं, आधी लांब धरून झाकण सैल कर, आत वायू होतो, डबी फुटेल. आणि ते टाकून दे.