दोष नजरेचा नव्हता

"ताई, माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक. हिशेबाचं काम आता दुसऱ्या कुणाला तरी द्या."

आमच्या बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या काकू मासिक बैठकीत असं म्हणाल्या आणि मला धस्सच झालं. पन्नाशी उलटल्यावर कॉम्प्युटरवर मराठी टायपिंग शिकलेल्या या काकू. दुपारी भांडी आवरली की लॅपटॉप उघडून बसायच्या. आता त्यांना पुन्हा जाड वहीकडे वळायचं होतं.

लॅपटॉप जुनाच, एका ऑफिसाने गटाला दिलेला. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा त्यांनी नवी यंत्रं घेतली आणि हा आमच्याकडे आला. ओळखीच्या एका मुलाने त्यावर उबुंटू बसवून दिलं. लिनक्सवर चालणारी ही प्रणाली फुकट मिळते. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला केला. आत काय लिहिलंय ते कुणीही वाचावं, सुधारावं, अशी ही पद्धत.

काकूंच्या शेजारी बसून मी पडदा पाहिला. अक्षरं पुसट, कडा विस्कटलेल्या. सहलीच्या फोटोत आम्ही सगळ्याच जणी जाड्या! हिशेबाच्या तक्त्यात जमा दिसायची, पण खर्च आणि शिल्लक पडद्याबाहेर. चष्म्याचा नंबर वाढला म्हणून माणसं जाड दिसत नाहीत, एवढं तर बी.ए.ला मराठी घेतलेल्या मलाही कळत होतं.

लॅपटॉप तालुक्याच्या दुकानात नेला. "स्क्रीन गेलीय ताई. यावर खर्च करण्यापेक्षा नवाच घ्या." नवा म्हणजे पंचवीस हजार तरी हवेत. त्याच महिन्यात गटातल्या एका वहिनींना शिलाई मशीनसाठी कर्ज द्यायचं ठरलं होतं. पैसे एकाच कामाला पुरणारे. लॅपटॉप घेतला असता तर मशीन राहिलं असतं.

रात्री पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, आधी सेटिंग्जमध्ये डिस्प्ले उघड आणि रिझोल्युशन किती आहे ते वाच." तिथे १०२४ × ७६८ हा एकच आकडा होता, दुसरा पर्यायच नाही. मॉडेलच्या नावावरून त्याने शोधून सांगितलं, पडद्याचं खरं माप १३६६ × ७६८.

मैत्रिणींनो, हे ठिपक्यांच्या रांगोळीसारखं आहे. पडद्यावरचे ठिपके कारखान्यातच ठरतात. आमच्या पडद्यावर आडवे १३६६ ठिपके होते आणि चित्र काढलं जात होतं १०२४ ठिपक्यांचं. तेच ताणून पूर्ण पडदाभर बसवलेलं. मग रेषा पुसट होणार, चेहरे रुंद होणार आणि तक्त्याचे रकाने बाहेर राहणार. काच धडधाकट होती, माप चुकलं होतं.

का चुकलं? काही लॅपटॉपवर लिनक्स बसवताना पडदा काळाच राहतो. तेव्हा 'नोमोडसेट' हा शब्द देऊन चित्राच्या ड्रायव्हरला थोडं थांबवतात, साध्या चित्रावर काम उरकतात. काम झाल्यावर तो शब्द काढायचा असतो. आमच्याकडे तो तसाच राहिला होता. तापातलं पथ्य बरं झाल्यावरही चालूच, तसं!

भाच्याने फोनवर सांगितलं आणि हात माझे चालले. कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम दाबून टर्मिनल उघडलं. 'ग्रब' नावाच्या फाईलची आधी प्रत काढून ठेवली. मग पासवर्ड देऊन फाईल उघडली. एका ओळीत 'क्वाएट स्प्लॅश नोमोडसेट' असे तीन शब्द होते, त्यातला शेवटचा पुसला. फाईल जतन करून 'सुडो अपडेट-ग्रब' ही आज्ञा दिली आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला. पडदा काळा झालाच असता, तर सुरू होतानाच्या यादीत 'ई' दाबून तो शब्द तेवढ्यापुरता परत टाकता येतो, हेही त्याने आधीच सांगून ठेवलं होतं.

तशी वेळ आली नाही. अक्षरं स्वच्छ उमटली. खर्च आणि शिल्लक जागेवर आले.

दुसऱ्या दिवशी काकूंना दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, पण अक्षरं किती बारीक झाली! आधीचंच बरं होतं." हेही खरंच. पण त्यासाठी रिझोल्युशन कमी करायचं नाही. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत 'लार्ज टेक्स्ट' चालू केलं. अक्षरं मोठी झाली, तरी रेखीवच राहिली. काकूंचा चष्मा तोच आहे आणि हिशेबही त्याच लिहितात. वहिनींचं मशीनही आलं.

मला मात्र एक गोष्ट लागून राहिली. पडदा पुसट दिसला आणि काकूंनी आधी स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेतली. आपण बायका नेहमी हेच करतो. मोबाईल अडला, मशीन अडलं, बँकेचा फॉर्म अडला की "मलाच जमत नाही" म्हणून मोकळ्या होतो. आणि "गेलंय, नवं घ्या" हे ऐकलं की मान डोलावतो. डोळे तपासावेत, वयानुसार ते करायलाच हवं. पण यंत्रालाही तपासायला लावावं. नेमकं काय गेलं, कशावरून ठरवलं, हे दुकानदाराला विचारण्यात कसली लाज?

काढलेल्या पायऱ्या मी गटाच्या वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवल्या आहेत. तुमच्या घरी कपाटात असा 'गेलेला' लॅपटॉप पडला असेल, तर एकदा उघडा आणि आधी त्याचं माप वाचा.