शांत झोपलेल्या बाळाची चौकशी कोण करतं?



गेले काही आठवडे या पानावर व्यसनाबद्दल पत्रं येत आहेत. एमडी पकडली, पोटलीचा अड्डा उठवला, कॉलेजची पोरं बिघडली, आईबापांनी लक्ष द्यावं. सगळं खरं आहे आणि लिहायलाही हवं. पण या सगळ्या पत्रांत ज्याची काळजी केली आहे तो पंधरा-सोळा वर्षांच्या पुढचा आहे. ज्याला अजून मान धरता येत नाही, त्या बाळाबद्दल कोणी लिहिलं नाही. घरातल्या व्यसनाचा पहिला मार त्यालाच बसतो, आणि त्याला सांगता येत नाही.

मी डिंडोलीत बरीच वर्षं मेडिकल चालवतो. मूळचा साक्री तालुक्यातला. आमच्या गल्लीत निम्म्याहून जास्त घरं धुळे, नंदुरबार, जळगावची. ताप्ती लाईनने आलेली. पुरुष लूम्सवर नाहीतर डाईंग मिलमध्ये, बारा बारा तासांची पाळी. बायका घरी साडीला स्टोन चिकटवतात, टिकली लावतात, धागा कटिंग करतात. नगावर पैसे मिळतात. बाळ रडलं की हात थांबतो, हात थांबला की पैसे थांबतात. म्हणून काउंटरवर एक वाक्य मला नेहमी ऐकू येतं : "भाऊ, पोऱ्या रातभर रडस, काहीतरी द्या ना." मागणं औषधाचं असतं, पण हवी असते झोप. बाळाचीही आणि तिचीही.

हे सर्दीचं सिरप मी देत नाही. प्रोमेथाझिनसारखं झोप आणणारं औषध दोन वर्षांखालच्या मुलाला देऊच नये, श्वास मंदावतो. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखाली वापरू नये असं बाटलीवर छापा, असा आदेश केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी कफ सिरपने लहान मुलं गेली, तेव्हा दोन वर्षांखाली खोकला-सर्दीचं सिरप नकोच, असं केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा सांगितलं. तरी मी नाही म्हटलं की बाई पुढच्या दुकानात जाते, किंवा घरात जे असेल ते देते. थेंबभर ब्रँडी सर्दीवर चालते, असं सांगणारी एक तरी आजी प्रत्येक चाळीत असतेच. आपल्या मंडळीतही आहे. नाव लिहीत नाही, वय झालंय तिचं.

कोणी म्हणेल, ही व्यसनाची गोष्ट कुठे झाली? झाली. आपल्याच लोकांच्या इतिहासात ती एकदा होऊन गेली आहे.

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात कोकण-घाटावरून आलेल्या बायका मिलमध्ये काम करायच्या. १९२२ चा फॅक्टरी कायदा तेव्हा कामगारांसाठी सुधारणेचा मानला गेला, आणि त्यातही दिवसाला अकरा तासांची मुभा होती. तान्हं बाळ खोलीवर ठेवून जायचं, आणि दिवसभर ते उठू नये म्हणून सकाळी त्याला अफू द्यायची. त्या गोळीला 'बाळगोळी' असं गोड नाव होतं. सरकारने बाळंत कामगार बायकांची स्थिती पाहायला डॉ. बार्न्स नावाच्या डॉक्टरबाई नेमल्या होत्या. त्यांचा अहवाल १९२२ मध्ये मुंबई सरकारच्या 'लेबर गॅझेट'मध्ये छापून आला. त्यात त्यांनी लिहिलं की या कामगार बायकांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बाळांना अफू दिली जाते. शंभरात अठ्ठ्याण्णव! म्हणजे ते दोन-चार वाईट आयांचं काम नव्हतं, तो रिवाज होता. आणि अफू चोरून आणायची गरज नव्हती. सरकारी परवान्याच्या दुकानात ती मिळायची आणि सरकारला त्यातून महसूल मिळायचा. त्याविरुद्ध बोलणाऱ्यांत दीनबंधू सी. एफ. अँड्र्यूज होते. १९२६ साली हिंदुस्थानातल्या अफूवर आणि त्यातल्या इंग्रज सरकारच्या जबाबदारीवर त्यांनी पुस्तकच लिहिलं. ते आपल्याच धर्माचे, आणि सरकारही आपल्याला ख्रिस्ती म्हणवणारं. हे विसरू नये म्हणून सांगतो. इंग्लंडच्या गिरण्यांच्या गावांतही एकोणिसाव्या शतकात 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचं अफूचं गोड पाणी बाळांना पाजत, तेव्हा गरिबाला नावं ठेवण्याआधी त्याची पाळी किती तासांची होती ते विचारावं.

अफूने बाळ कसं मरतं हे समजून घ्या, कारण आजही मार्ग तोच आहे. एका वेळी जास्त गेली तर श्वासच थांबतो. पण बहुतेकदा तसं होत नाही. गुंगीत असलेलं बाळ भूक विसरतं, दूध ओढत नाही, सुकत जातं. मग जुलाब किंवा छातीचा आजार येतो आणि त्याला नेतो. कागदावर लिहिला जातो तो शेवटचा आजार. गोळीचं नाव कुठेच येत नाही.

पुढे काय झालं? ना. म. जोशींनी बाळंतपणाच्या रजेचं बिल १९२४ मध्ये दिल्लीच्या कायदेमंडळात आणलं, ते पडलं. १९२८ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात तसंच बिल आलं, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला, आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा मातृत्व लाभ कायदा झाला. १९३४ च्या फॅक्टरी कायद्यात पन्नासपेक्षा जास्त बायका असलेल्या कारखान्यात मुलांसाठी खोली ठेवायला लावण्याचा अधिकार प्रांतांना मिळाला. यातल्या कशानेही अफू एका दिवसात थांबली नाही. पण आधी सगळे विचारत होते, ही आई अशी कशी? आता निदान कायदा विचारू लागला की आई कामावर असताना बाळ कुठे आहे?

डिंडोलीत हा प्रश्न आज कोण विचारतं? साडीला स्टोन चिकटवणारी बाई कुठल्याच कारखान्याच्या रजिस्टरवर नाही. तिला ना रजा, ना घोडियाघर. अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवण्याची केंद्राची 'पालना' योजना आहे. आपल्या वॉर्डात असं पाळणाघर किती अंगणवाड्यांत सुरू झालं, हे नगरसेवकाला विचारायला पत्रकार लागत नाही.

आता व्यसनाच्या दुसऱ्या बाजूला येतो, कारण ती आपण व्यसनात धरतच नाही. मशेरी. आपल्या खान्देशी बायका मशेरी लावतात, इकडच्या गुजराती बायका बजर. सकाळी दात घासायला म्हणून सुरू होतं आणि दिवसातून चार-पाचदा होतं, गरोदरपणातही. मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सोबत्यांनी गरोदर बायकांवर केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. असा तंबाखू वापरणाऱ्या आईचं बाळ सरासरी १०५ ग्रॅमने हलकं निघालं. २००६ मध्ये त्याच अभ्यासातून दिसलं की मृत बाळ जन्मण्याचा धोका अडीच पटीहून जास्त होता. दारू पिणाऱ्या नवऱ्याला मंडळीत उभं करून प्रार्थना करतो आपण, आणि मशेरीची डबी मात्र बायबलच्या पिशवीतच असते.

नवऱ्याची दारूही बाळापर्यंत पोचते. एक खोली, खाली एकच अंथरूण, त्यात चार माणसं. पिऊन किंवा गोळी खाऊन झोपलेल्या माणसाला कुशीखाली बाळ आलेलं कळत नाही. त्याच्या शेजारी बाळ झोपवू नका. घोडियुं नसेल तर आईच्या पलीकडच्या बाजूला वेगळ्या गोधडीवर, उताणं झोपवा. आणि दूध पाजणाऱ्या आईने नवऱ्याच्या दुखण्याच्या गोळ्यांतली ट्रामाडॉल किंवा कोडीनचं सिरप घेऊ नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा स्पष्ट इशारा दिला, कारण ते दुधातून बाळात उतरतं आणि त्याचा श्वास मंद करू शकतं.

मग लक्ष ठेवणारं कोणी नाही का? कागदावर आहे, आणि चांगलं आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बघायचं असतं. त्यानंतर तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच भेटी. पण आपली पद्धत बघा. पोरगी बाळंतपणाला माहेरी शिरपूरला किंवा नवापूरला जाते. कार्ड तिकडचं. सव्वा महिना झाला, नाहीतर तीन महिने झाले की बाळ घेऊन डिंडोलीला. तिकडची ताई लिहिते, बाहेरगावी गेले. इकडच्या ताईच्या यादीत बाळाचं नावच नाही, कारण खोली भाड्याची, अकरा महिन्यांत तीनदा बदललेली. दोन राज्यांच्या मध्ये ते बाळ कोणाचंच नसतं. आणि हेच ते महिने, जेव्हा आई पुन्हा कामाला बसते आणि झोपेचं औषध मागायला येते. पोषण ट्रॅकरमध्ये एका अंगणवाडीतून दुसरीकडे नाव हलवायची सोय आहे, पण त्यासाठी कोणीतरी आईला अंगणवाडीच्या दारापर्यंत न्यायला हवं.

दुसरी अडचण आपल्या राज्याची खास आहे. गुजरातेत दारू पिणं हाच गुन्हा. दारूबंदी उठवा असं मी म्हणत नाही, बोटादला जुलै २०२२ मध्ये चाळीसहून अधिक माणसं विषारी दारूने गेली ते सगळ्यांनी पाहिलंय. पण त्याचा एक परिणाम असा की घरात कोण काय घेतं, हे बाई नर्सलाही सांगत नाही. सांगितलं तर नवरा आत जाईल, ही भीती. अमेरिकेत २०१६ च्या कायद्याने, नशेचा परिणाम झालेलं बाळ जन्मलं की बाळाची आणि आईबापाच्या उपचाराची मिळून एक योजना बनवायची, असं ठरलं. तिथेही ते नीट चालतंच असं नाही. पण विचार बरोबर आहे. बाळाला आणि व्यसनी आईबापाला एकाच कागदावर घ्या.

आपल्या कायद्यातही तशी जागा आहे, लोकांना फक्त शिक्षेचा भाग माहीत असतो. बाल न्याय कायदा, २०१५. त्याच्या ७७ व्या कलमाप्रमाणे डॉक्टरने सांगितल्याशिवाय मुलाला दारू, नशेचा पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे ऐकून घाबरायला होतं. पण त्याच कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यात बाल कल्याण समिती आहे, अध्यक्ष आणि चार सदस्य. समिती बाळाला आईबापाजवळच ठेवून बाल कल्याण अधिकाऱ्याची किंवा समाजसेवकाची देखरेख लावू शकते. ३७ वं कलम वाचा. मिशन वात्सल्यमधून गरजू मुलाला महिन्याला चार हजार रुपयांपर्यंत मदतीची सोय आहे. आणि ज्याच्यावर थोडीशी नशा जवळ बाळगल्याचा किंवा घेतल्याचा गुन्हा आहे, तो आपणहून सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला गेला तर खटल्यापासून संरक्षण देणारं ६४-अ कलम अंमली पदार्थांच्या कायद्यात आहे. म्हणजे १०९८ ला फोन केला की बाळ उचलूनच नेतात, ही समजूत चुकीची आहे. फोन जितका लवकर जाईल, तितकं बाळ घरात राहायची शक्यता जास्त. उशिरा केला तर समितीकडेही पर्याय उरत नाहीत. व्यसनमुक्तीसाठी वेगळा नंबर १४४४६ आहे, दोन्ही फुकट.

आता मंडळीकडे येतो. बाप्तिस्म्याच्या किंवा बाळसमर्पणाच्या वेळी पाळकसाहेब आपल्यालाही उभं करतात. आईबापाबरोबर आपणही या बाळाला वाढवायला हातभार लावू, असं आपण मोठ्याने म्हणतो. त्यानंतर जेवण होतं, फोटो होतात, आणि त्या खोलीवर पुन्हा कोण जातं? महिला मंडळाच्या बुधवारच्या भेटी आजाऱ्यांना आणि म्हाताऱ्यांना असतात, त्या असाव्यातच. त्यात सहा महिन्यांखालचं बाळ असलेली घरं घाला. पहिला प्रश्न नवऱ्याच्या पिण्याचा नको, ती गप्प होईल. बाळ दिवसातून किती वेळा दूध ओढतं, हे विचारा. सारखं झोपतं, उठवलं तरी उठत नाही, लघवी कमी झाली, असं काही म्हणाली तर त्याच वेळी रिक्षा करून स्मिमेरला किंवा नव्या सिव्हिलला न्या. प्रार्थना रिक्षातही होते.

आणि ही भेट फक्त आपल्या माणसांपुरती नको. शेजारच्या खोलीतली बाई सप्तशृंगीची भक्त असो की दर्ग्याला जाणारी असो, तिचं पोर रात्री रडतं ते आपल्याच भिंतीतून ऐकू येतं. माझ्या मेडिकलला बाहेरून झोपेचं औषध मागणाऱ्या बायकांत सगळ्या धर्मांच्या आहेत.

मंडळीच्या वार्षिक सभेत मी दोन ठराव मांडणार आहे. पहिला, दुपारी बारा ते पाच चर्चचा मागचा हॉल रिकामा असतो, तिथे स्टोनचं काम करणाऱ्या बायकांनी बाळं घेऊन बसावं. पंखा आहे, पाणी आहे, दोन आज्या पाळीपाळीने बाळांकडे बघायला तयार आहेत. लाइट बिल वाढेल, त्यातला निम्मा भाग वर्षभर मी देईन. दुसरा, गावाहून बाळ घेऊन आलेल्या प्रत्येक आईचं नाव आठ दिवसांत अंगणवाडीत लिहून आणायचं, आणि हे काम युवक संघाचं. अंगणवाडीच्या ताईंना त्या दिवशी सभेला बोलावलं आहे, त्या गुजराती बोलतात पण मराठी समजतात. ज्यांच्या घरी लहान बाळ आहे त्यांनी त्याचं कार्ड, शिरपूरचं असलं तरी, सोबत आणावं.

आपला,
एक मेडिकलवाला, नवागाम-डिंडोली, सुरत