ॲरिझोना सोडण्यापूर्वी... म्हणजे नक्की कधी?

फीनिक्समधल्या देसी मंडळींना एक ठरलेला फोन येतो. "अरे, आम्ही महिनाअखेरीस सिॲटलला शिफ्ट होतोय. इथलं काय काय बघायचं राहिलंय सांग ना, उरकून टाकतो!"

हे 'उरकून टाकतो' मला फार खटकतं. चार-पाच वर्षं चँडलरच्या अपार्टमेंटमध्ये काढायची, लाँग वीकेंड आला की वेगास नाहीतर सॅन डिएगो गाठायचं, आणि निघायच्या महिन्यात ॲरिझोनाचा हिशोब चुकता करायला बसायचं! अर्थात, जवळचं राहून जाणं हा मनुष्यस्वभावच आहे. इथल्या मिटिओर क्रेटरच्या काठावर उभं राहून "आमचं लोणार याच्यापेक्षा मोठं" असं सांगणाऱ्यांपैकी कितीजणांनी लोणार पाहिलेलं असतं? पण माझं स्पष्ट मत आहे की ॲरिझोनाच्या बाबतीत ही शेवटच्या महिन्याची यादी चालतच नाही.

आधी परवानग्यांचं बघू. 'द वेव्ह' म्हणजे त्या लाल-पिवळ्या दगडी लाटा तुम्ही वॉलपेपरवर नक्की पाहिल्या असतील. तिथे दिवसाला फक्त ६४ जणांना सोडतात, आणि त्यातल्या बहुतेक जागांची ऑनलाइन सोडत चार महिने आधी निघते. हवासूचे निळे-हिरवे धबधबे हवासुपाई लोकांच्या जमिनीवर आहेत. त्यांच्या सुपाई गावाला गाडीरस्ताच नाही, टपालसुद्धा खेचरावरून जातं. ८ मैल चालल्यावर गाव, पुढे २ मैलांवर कॅम्पग्राउंड. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, हा प्रकार तिथे चालत नाही. आधी बुकिंग, मग मुक्काम.

आता दुसरी बाजू बघा. आपल्यापैकी अनेकांची निघायची तारीख आपल्या हातात नसते. एच-वन-बी वर नोकरी गेली की हातात जास्तीत जास्त ६० दिवस. त्यात नवी नोकरी शोधायची, गाडी विकायची की मुलांची शाळा बघायची? चार महिन्यांची सोडत ६० दिवसांत बसत नाही, हे गणित पाचवीतला मुलगाही सांगेल.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा उन्हाचा. शाळा संपते, लीज संपतं, म्हणून बरेचजण जून-जुलैत हलतात. नेमके तेच महिने जीवघेणे! २०२३ मध्ये फीनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट (साधारण ४३ सेल्सिअस) किंवा त्याच्या वर होता. त्या एका वर्षात मॅरिकोपा काउंटीत उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. अतिउष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी कॅमलबॅकच्या पायवाटा भर दिवसा बंद ठेवतात, ते उगाच नाही.

"आम्ही राजगड-तोरणा केलाय हो" म्हणणाऱ्यांना तर माझं हात जोडून सांगणं आहे. ग्रँड कॅन्यन हा उलटा डोंगर आहे. गडावर दमलात तर मागे फिरून उतरता येतं, इथे दमल्यावर चढ सुरू होतो. साउथ रिम साधारण ७,००० फुटांवर, खाली कोलोरॅडो नदी साधारण २,४०० फुटांवर. ब्राइट एंजल ट्रेलने तळाचं कॅम्पग्राउंड साडेनऊ मैल, आणि जितकं खाली जाल तितकं ऊन वाढत जातं. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नका, विशेषतः मे ते सप्टेंबरमध्ये, असं पार्कवाले पाटी लावून सांगतात. शेवटच्या वीकेंडला घाईघाईत आलेला माणूस नेमकी तीच पाटी वाचत नाही.

म्हणून माझी यादी ठिकाणांची नाही, महिन्यांची आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी: वाळवंटातल्या लांब वाटा, सुपरस्टिशन माउंटन्स. मार्च: पाऊस बरा झाला असेल तर पिकाचो पीकवरची रानफुलं. मे-जून: सवारोचा फुलोरा (स्पेलिंगमध्ये 'जी' आहे, उच्चारात नाही). फूल रात्री उमलतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मिटतं, त्यामुळे भल्या पहाटे जायचं. जूनअखेरीस तोहोनो ओओधाम लोक सवारोच्याच वाळक्या काठ्यांनी त्याची फळं काढतात. मग जुलै-ऑगस्ट, मॉन्सून! हो, इथेही मॉन्सूनच म्हणतात. धुळीची भिंत शहरावर चालून येते, मागून वीज, आणि मग ओल्या क्रिओसोटच्या झुडपांचा वास. मृद्गंध माहीत असलेल्या माणसाला त्याचं कौतुक वेगळं सांगायला नको. मात्र त्या दिवसांत अरुंद घळींपासून लांब राहा. १९९७ च्या ऑगस्टमध्ये लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले, आणि तो पाऊस पडला होता मैलोगणती दूर. ऑक्टोबरात फ्लॅगस्टाफला अ‍ॅस्पेनची पिवळी पानं आणि रात्रीचं आकाश. २००१ मध्ये जगातलं पहिलं 'डार्क स्काय सिटी' ठरलेलं गाव आहे ते.

"पुढच्या वर्षी बघू" म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, की जागाही वाट बघत थांबत नाहीत. नॉर्थ रिमचं जुनं दगडी लॉज जुलै २०२५ च्या वणव्यात जळून गेलं. ज्यांनी त्याच्या मोठ्या खिडक्यांतून दरी पाहिली, त्यांनी पाहिली.

आणि सवारोचा स्वतःचा वेगच बघा ना. पहिल्या दहा वर्षांत तो जेमतेम दीड इंच वाढतो, पहिला हात फुटायला पन्नास-पंचाहत्तर वर्षं लागतात. तुम्ही आलात तेव्हा उगवलेलं रोप तुमचा ट्रक निघेल तेव्हाही बोटभर नसेल. अशी जागा तीन वीकेंडमध्ये 'कव्हर' कशी होणार?

तरीही खरंच महिनाच उरला असेल तर? यादी फाडून टाका. एकच जागा निवडा, सूर्य उगवायच्या आत पोचा, आणि उन्हं चढेपर्यंत नुसते बसा. आणि ज्यांचं निघायचं अजून ठरलेलं नाही, त्यांनी आज कॅलेंडर उघडून चार महिन्यांनंतरचा एक शनिवार अडवून ठेवावा. रिलीज, डिप्लॉयमेंट त्याच्या आधी नाहीतर नंतर. नाहीतर तो फोन एक दिवस तुम्हीच कराल.