एक थर की दोन? विचारा प्रकाशाला!

दोस्तांनो, पेन्सिलीनं कागदावर एक रेघ ओढा पाहू. काय उमटलं? शिसं? छे! पेन्सिलीत शिसं नसतंच. असतं ते ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन. त्यात कार्बनचे अणू मधाच्या पोळ्यासारख्या षटकोनी जाळीत बसलेले असतात, आणि अशा जाळ्या पत्त्यांच्या कॅटासारख्या एकावर एक रचलेल्या असतात. त्यातलं एकच पान सुटं काढलं, की झालं ग्राफीन! जाडी फक्त एका अणूची. अशी तीस लाख पानं रचावीत, तेव्हा कुठे १ मिलिमीटर भरतो.

२००४ साली इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलॉव्ह यांनी चक्क चिकटपट्टीनं हे पान सोलून काढलं. २०१० चं नोबेल त्यांना या ग्राफीनवरच्या कामासाठीच मिळालं.

पण चिकटपट्टीनं निघतात बारीक तुकडे. मोठा पापुद्रा हवा, तर तो वाढवावा लागतो. भट्टीत तांब्याचा पातळ पत्रा ठेवून सुमारे १००० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात आणि वरून मिथेन सोडतात. (गोबरगॅसमध्ये असतो ना, तोच!) तापल्या तांब्यावर मिथेन फुटतो, हायड्रोजन निघून जातो आणि कार्बन दुधावर साय धरावी तसा पसरतो. गंमत अशी, की तांब्यात कार्बन जवळजवळ मुरतच नाही. त्यामुळे पत्रा एकदा झाकला गेला, की वाढ बहुधा एका थरावर थांबते. निकेलचं तसं नाही. त्यात कार्बन मुरतो, आणि निवताना बाहेर येऊन कुठे दोन, कुठे पाच थर साचतात.

आता हे थर मोजायचे कसे? प्रश्न क्षुल्लक नाही बरं का! २०१८ साली सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी जगभरच्या ६० कंपन्यांची ग्राफीन म्हणून विकली जाणारी पूड तपासली. १० थरांपर्यंतचे कण ग्राफीन धरले, तरी बहुतेक नमुन्यांत ते १० टक्क्यांहूनही कमी निघालं. बाकी सगळी ग्रॅफाइटची भुकटी!

मोजणीला उपयोगी पडतो आपला रामन परिणाम. होय, २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात सापडला तोच. थरावर लेसरचा हिरवा किरण टाकायचा. परतणारा बहुतेक प्रकाश तसाच हिरवा असतो. पण अगदी थोडा प्रकाश अणूंच्या कंपनांना आपली ऊर्जा देऊन, रंग किंचित बदलून येतो. यंत्र त्याचा आलेख काढतं. त्यात १५८० च्या आसपास एक शिखर दिसतं आणि २७०० च्या आसपास दुसरं. खरी चुगली करतं ते दुसरं. थर एकच असेल, तर ते सडपातळ आणि उंच. दोन असतील, तर ते फुगतं, त्याला खांदे फुटतात.

थर एकमेकांवर तिरपे बसले असले, तर मात्र हे शिखर फसवूही शकतं. म्हणून आरपार जाणारा प्रकाशही मोजतात, कारण प्रत्येक थर सुमारे २.३ टक्के प्रकाश शोषून घेतो.

आणि १३५० पाशी आणखी एक शिखर डोकावलं तर? जाळी कुठेतरी उसवली आहे! तुकड्याच्या कडेला ते दिसायचंच. पण मधोमध तिथे सपाट रेघ आली, तर भट्टीवाल्यांनी एकमेकांना टाळी द्यायला हरकत नाही.