हे, ते आणि पलीकडचं ते
मराठी माणूस जवळचं ‘हे’ आणि लांबचं ‘ते’ एवढ्यावर जन्म काढतो; स्पॅनिशला मात्र तिसरी पायरी लागते. बोलणाऱ्यापाशी ‘एस्ते लिब्रो’ (हे पुस्तक), ऐकणाऱ्यापाशी ‘एसे लिब्रो’, दोघांपासून दूर ‘आकेल लिब्रो’. शिवाय लिंग-वचन: एक टेबल ‘एस्ता मेसा’, अनेक ‘एस्तास मेसास’. ‘ही वही, ह्या वह्या’ म्हणत वाढलेल्यांना त्याचं काय कौतुक! खरी गंमत पाण्याची. ‘आग्वा’ स्त्रीलिंगी, पण उच्चाराच्या सोयीसाठी त्याला पुल्लिंगी दिसणारं उपपद ‘एल’ लागतं. त्या नादात खुद्द स्पॅनिशभाषकही ‘एस्ते आग्वा’ म्हणतात. बरोबर ‘एस्ता आग्वा’च. तेव्हा शिकणाऱ्यांनी तक्ते घोकू नयेत, वस्तूकडे बोट दाखवून बोलावं. अडलंच तर मेक्सिकोत लांबवलेलं ‘एस्तेऽऽ’ चालतं, अगदी आपल्या ‘हेऽऽ’सारखं.