दादाचे लेथ आणि घरातील करार

बागकामावरील लेख वाचून एका वाचक भगिनींनी विचारले आहे : "माझे सासरे ६९ वर्षांचे आहेत. लाकूड कातण्याचे यंत्र घ्यावे, असे त्यांच्या मनाने घेतले आहे. आम्हांला भीती वाटते. हो म्हणावे की नाही?" या प्रश्नाचे उत्तर मी पुस्तकातून देणार नाही. तीन वर्षांपूर्वी हाच प्रश्न आमच्या घरात उभा राहिला होता आणि त्याचे उत्तर शोधताना आम्ही एकदा चांगलेच ठेचाळलोही होतो.

माझे थोरले बंधू तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. वहिनी गेल्याला आठ महिने झाले होते. दादा सकाळी वर्तमानपत्र उघडत असे आणि दुपारी ते त्याच पानावर उघडे असे. एके दिवशी त्याने मुलाला सांगितले, "मला एक लेथ घ्यायचे आहे." आमचे बालपण सावंतवाडीच्या आसपास गेले. चितार आळीतील दुकानांत मांडलेली लाकडी फळे आणि रंगीत भातुकली यांनी आम्हां भावंडांना वेड लावले होते. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर रंगाचे वळे चढते, हे कातारी माणसाचे कसब दादा लहानपणी तासन्‌तास उभा राहून पाहत असे. साठ वर्षे मनात राहिलेली ती इच्छा आता वर आली होती.

माझ्या भाच्याने मला फोन केला. "आत्या, तू तरी बाबांना समजाव. या वयात असले यंत्र? एखादे बोट गेले म्हणजे?" मी म्हटले, "आधी यंत्र कसे असते ते तरी पाहू. मग समजावायचे कोणाला, ते ठरवू."

यंत्र निवडताना

लाकडाचे लेथ समजण्यास सोपे आहे. डाव्या बाजूस मोटारीने फिरणारा हेडस्टॉक, उजव्या बाजूस लाकडाला आधार देणारा टेलस्टॉक, दोघांना जोडणारा लांब बेड आणि मध्ये हत्यार टेकवण्यासाठी सरकणारा टूल रेस्ट. लाकूड फिरते, हत्यार स्थिर राहते. सुतारकामातील करवत किंवा रंधा यांत हात पुढे-मागे जातो. येथे हात फार थोडा हलतो, आणि म्हणूनच हे काम अनेक ज्येष्ठांना झेपते.

विकत घेताना दोन मापे विचारावीत. पहिले, बेडवर जास्तीत जास्त किती व्यासाचे लाकूड फिरू शकते. दुसरे, दोन टोकांमध्ये किती लांबीचे लाकूड बसते. घरगुती छंदासाठी १० ते १२ इंच व्यास आणि १६ ते १८ इंच लांबी पुरेशी आहे. एवढ्यात लाटणे, रवी, भोवरा, करंडा, लहान वाडगा हे सारे होते. मोटार पाऊण ते एक अश्वशक्तीची असावी.

बेड ओतीव लोखंडाचा घ्यावा. हलके यंत्र स्वस्त पडते, परंतु थरथरते, आणि ती थरथर हत्यारातून मनगटात उतरते. ज्यांच्या बोटांचे सांधे आधीच दुखतात, त्यांनी या एका मुद्द्यावर काटकसर करू नये. असे यंत्र चाळीस-पन्नास किलोंचे किंवा त्याहूनही जड असते. ते जागेवर ठेवण्यासाठी दोन तरुण माणसे बोलवावीत. ज्येष्ठांनी त्याला हात लावू नये.

वेग बदलण्याची सोय फिरत्या बटणाची असावी. पट्टा काढून दुसऱ्या पुलीवर चढवण्यासाठी वाकावे लागते, बोटे आत घालावी लागतात, आणि कंटाळा येऊन माणूस वेग बदलणेच टाळतो. तसेच, वीज जाऊन परत आली तर यंत्र आपोआप सुरू होणार नाही अशा बनावटीचा स्विच असावा. भारनियमनाच्या गावांत याला पर्याय नाही. वीज गेली, माणूस यंत्रावर वाकून लाकूड न्याहाळू लागला आणि त्याच क्षणी वीज आली, तर काय होईल ते सांगावयास नको. लाल रंगाचे थांबवण्याचे बटण हाताशी, शक्यतो कोपराने किंवा मांडीनेही दाबता येईल असे असावे. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे.

सगळे पैसे यंत्रावर खर्च करू नयेत. हत्यारे, धार लावण्याचा ग्राइंडर आणि चेहऱ्याची ढाल यांसाठी रकमेचा मोठा हिस्सा राखून ठेवावा. आरंभी चार हत्यारे पुरतात : चौकोनी लाकूड गोल करण्यासाठी रफिंग गाउज, आकार देण्यासाठी स्पिंडल गाउज, तुकडा वेगळा करण्यासाठी पार्टिंग टूल आणि गुळगुळीत करण्यासाठी स्क्रेपर. ती हायस्पीड स्टीलची घ्यावीत. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी. रफिंग गाउज केवळ लाटण्यासारख्या लांब कामासाठी असते. वाडगा कातताना ते कधीही वापरू नये, कारण त्याचा मुठीत जाणारा भाग बारीक असतो आणि झटका बसला तर तो मोडतो.

शरीराचा हिशेब

यंत्राचा मधला अक्ष उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीवर यावा. त्याहून खाली असेल तर पाठ वाकते, फार वर असेल तर खांदे चढतात. हत्याराची मूठ कमरेला टेकवून, पाय थोडे फाकवून, संपूर्ण शरीराने हळूच कलत काम करावे. ज्यांना फार वेळ उभे राहवत नाही, त्यांनी यंत्र कमी उंचीच्या मजबूत टेबलावर बसवून, पाठीचा आधार असलेल्या स्थिर खुर्चीवर बसून कातावे. चाके असलेली खुर्ची नको. आपल्याकडील परंपरागत कारागीर तर जमिनीवर बसूनच कातत आले आहेत.

चष्म्याचा विचार पुष्कळांना सुचत नाही. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून पाहताना मान सतत वर-खाली करावी लागते आणि अंतराचा अंदाज चुकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना 'दीड-दोन फुटांवरचे काम' असे सांगून वेगळा चष्मा करून घ्यावा. जुन्या ट्यूबलाइटच्या लुकलुकत्या उजेडात फिरणारे लाकूड क्वचित स्थिर असल्याचा भास होतो. न लुकलुकणारा चांगला दिवा जवळ असावा.

रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांना लहान जखमही महागात पडते. झोप किंवा गुंगी आणणारे औषध घेतल्यावर, चक्कर येण्याची सवय असल्यास, किंवा मधुमेहामुळे साखर अचानक उतरत असल्यास यंत्राजवळ जाऊ नये. बोटांची संवेदना कमी झालेली असेल, छातीत पेसमेकर असेल किंवा हाताला कंप असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि "छंद आहे" एवढेच न सांगता "मोटारीवर चालणारे, धारदार हत्याराचे काम आहे" असे स्पष्ट सांगावे.

लाकडाच्या भुश्शाला पुष्कळजण निरुपद्रवी समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत १९९५ सालीच केली आहे. तो धोका मुख्यतः वर्षानुवर्षे त्या धुळीत काम करणाऱ्यांचा असला, तरी दमा किंवा जुना खोकला असलेल्यांना थोडी धूळही पुरते. घासकामाच्या वेळी एन-९५ मुखपट्टी बांधावी, खिडकी उघडी ठेवावी आणि भुस्सा कोरड्या केरसुणीने न उडवता ओल्या फडक्याने टिपावा. सागाच्या आणि शिसवीच्या धुळीने काहींच्या त्वचेला खाज सुटते. आंब्याच्या ओल्या लाकडाचा चीकही बाधतो. आरंभाला वाळलेले शिवण चांगले. ते मऊ असते आणि हत्याराला त्रास देत नाही.

जे घडले

दादाने यंत्र घेतले. भाच्याने अट घातली : चेहऱ्यावर पॉलिकार्बोनेटची ढाल असल्याखेरीज बटण दाबायचे नाही. दादा कुरकुरला. "एवढ्या लाटण्यासाठी शिरस्त्राण कशाला?" पण मान्य केले. दोन महिन्यांत त्याने सहा लाटणी कातली. पहिले मध्येच पोट सुटलेले होते. सहावे मात्र माझ्या सुनेने मागून नेले.

मग त्याने वाडगा करायला घेतला. आठ इंच व्यासाचा तुकडा चढवला आणि बटण दाबले. आदल्या दिवशी लाटण्यासाठी ठेवलेला वेग, मिनिटाला सुमारे २००० फेरे, तसाच राहिला होता. हिशेब करून पाहावा. आठ इंचांच्या तुकड्याची कड त्या वेगाने ताशी सुमारे ७५ किलोमीटरने धावते. लाकूड अजून ओबडधोबड होते, त्याचा तोल नव्हता. ते सुटले, ढालीवर आदळले आणि भिंतीवर जाऊन पडले. ढालीला तडा गेला. दादाच्या कपाळावर एक निळसर टेंगूळ आले, त्यापलीकडे काही झाले नाही. ढाल नसती, तर हा लेख मी लिहिला नसता.

भाच्याने त्याच संध्याकाळी यंत्राची प्लग-पिन काढून आपल्या कपाटात ठेवली. दादा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र पुन्हा त्याच पानावर उघडे राहिले. ते पाहून मी तिथे चार दिवस राहिले. बापाला यंत्र हवे आणि मुलाला बाप हवा, असा हा पेच होता, आणि दोघांचेही म्हणणे खरे होते.

शेवटी आम्ही तिघांनी मिळून एक कागद लिहिला. तो आजही यंत्रामागच्या भिंतीवर आहे.

* काम संपले की वेग शून्यावर आणावा. सुरू करतानाही शून्यापासूनच वाढवावा.
* व्यास इंचांत मोजून त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावे. उत्तर ६००० ते ९००० यांच्या मध्ये राहावे. आठ इंचांच्या वाडग्यास ७५० ते ११२५ फेरे ही मर्यादा, आणि लाकूड ओबडधोबड असेतोवर त्याहूनही कमी. बारीक लाटण्याला या हिशेबाने फार मोठा आकडा येतो, तो घेऊ नये. १५०० च्या आसपास पुष्कळ झाले.
* बटण दाबण्यापूर्वी लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहावे. ते टूल रेस्टला लागत नाही ना? टेलस्टॉक घट्ट आहे ना?
* सुरू करताना फिरत्या लाकडाच्या रेषेत उभे राहू नये, बाजूस राहावे.
* हत्यार आधी टूल रेस्टवर टेकवावे, मग लाकडाला लावावे. यंत्र चालू असताना टूल रेस्ट सरकवू नये.
* हातमोजे, सैल बाह्या, धोतराचा सोगा, पदर, उपरणे, गळ्यातील साखळी यांतील काहीही नको. केस बांधावेत.
* तडा गेलेले, खिळा असलेले लाकूड घेऊ नये.
* अर्ध्या तासाने यंत्र बंद करून बसावे, पाणी प्यावे. घरात दुसरे कोणी नसताना यंत्र चालवू नये.

या कागदावर शेवटी एक कलम भाच्याने घातले आणि दादाने ते स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहिले : "दर सहा महिन्यांनी तिघांनी मिळून पाहायचे. हात कापू लागला, डोळा चुकू लागला किंवा झटके वारंवार बसू लागले, तर यंत्र बंद. तेव्हा वाद घालायचा नाही." हे कलम लिहिण्यास आम्हांला सर्वांत जास्त वेळ लागला. पण ते दादाची प्रकृती चांगली असताना लिहिले गेले, म्हणून त्याला आज्ञेचा वास आला नाही. वाहन चालवणे, एकट्याने प्रवास करणे, व्यवहार पाहणे या साऱ्यांबाबत हेच करता येईल. थांबण्याचा दिवस कसा ओळखायचा, हे तो दिवस येण्यापूर्वी ठरवावे, आणि ज्याला थांबायचे आहे त्यानेच ते आपल्या हाताने लिहावे.

शेवटी दोन गोष्टी

स्वयंपाकघरातील वस्तूला व्हार्निश लावू नये. औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन लाटण्याला चांगले. शेंगदाण्याचे तेल कालांतराने खवट होते. शोभेच्या वस्तूंना जवसाचे तेल लावत असाल, तर ते पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून पूर्ण वाळवावीत, मगच टाकावीत.

आता त्या वाचक भगिनींना उत्तर. सासऱ्यांना लगेच हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. यंत्र पाहायला त्यांच्याबरोबर दुकानात जा. जमल्यास एखाद्या कारागिराशेजारी बसवून त्यांना पहिले चार दिवस शिकू द्या. ढाल आधी घ्या, यंत्र नंतर. आणि कागद तिघांनी मिळून लिहा.

दादा गेल्या महिन्यात चौऱ्याहत्तर वर्षांचा झाला. सहामाही बैठकीत त्याने स्वतःहून सांगितले, "वाडगे आता नकोत. मनगट थकते. लाटणी आणि भोवरे पुरेत." भाच्याने काही न बोलता कागदावर तारीख घातली. त्या दिवशी घरी परतताना माझ्या पिशवीत नातवासाठी एक भोवरा होता. तो थोडा डुलतो, पण फिरतो.