अनुताईंची पद्धत

अनुताई वाघ यांचं नाव निघालं की भाषणांत त्याग, सेवा, समर्पण हे शब्द ओळीने येतात. ते खोटे नाहीत. मोरगावात १९१० साली जन्म, तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांच्या आत वैधव्य आणि पुढचं सगळं आयुष्य मुलांना शिकवण्यात गेलेलं. अशा बाईंपुढे हात आपोआप जोडले जातात. पण हात जोडले की आपली सुटका होते. असामान्य माणसाचं काम म्हणून ते देव्हाऱ्यात जातं आणि शिक्षिका म्हणून त्या नेमकं काय करत होत्या, हे विचारायचं राहून जातं. आज तेच विचारण्याची गरज आहे.

व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा आणि पुण्यातलं शिक्षिकेचं प्रशिक्षण झाल्यावर त्या आधी चांदवडला आणि मग पुण्याच्या हुजूरपागा शाळेत शिकवत होत्या. नोकरी सांभाळून त्या १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या. विधवा बाईला पायावर उभं राहण्यासाठी त्या काळात याहून चांगली जागा मिळणं कठीण होतं. १९४५ मध्ये बोरिवलीच्या ग्रामसेविका शिबिरात त्यांची ताराबाई मोडकांशी गाठ पडली. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं होतं. शहरातल्या खात्यापित्या घरांतल्या मुलांना मिळतं तसं बालशिक्षण खेड्यातल्या गरिबाच्या मुलाला मिळेल का, हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता. अनुताई त्यांच्याबरोबर बोर्डीला गेल्या आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं. त्याच भागातल्या तलासरी-उंबरगावच्या वारली आदिवासींनी किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांच्या साथीने वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, तेही १९४५ सालच. वेठीला जुंपलेल्या माणसांच्या मुलांना अक्षर शिकवायचं, तर आधी कुठून हात घालायचा हे कुठल्याच ट्रेनिंग कॉलेजात शिकवलेलं नव्हतं.

केंद्र उघडलं तरी वस्तीतली मुलं काही आपण होऊन येईनात. तेव्हा ताराबाई आणि अनुताईंनी बालवाडीच वस्तीत नेली, कुणाच्या तरी घरापुढच्या अंगणात. तीच अंगणवाडी. आधी मुलांची तोंडं धुवायची, नखं कापायची, केस विंचरायचे. मग गाणी, गोष्टी, खेळ. माँटेसरीचं महागडं साहित्य परवडणारं नव्हतं. मग शंख-शिंपले, खडे, बिया, पानं, काटक्या हेच साहित्य झालं. मोठ्या बियांतून लहान वेगळ्या करणं, पानं आकारांप्रमाणे लावणं, खडे मोजून ढीग घालणं, यात बोटांना वळण लागत होतं आणि गणिताचा पायाही पडत होता. साहित्य फुकटचं होतं, पण त्यामागचा विचार अजिबात स्वस्त नव्हता. कोणत्या वयात मुलाचा हात काय करू शकतो आणि डोळा काय वेगळं काढू शकतो, हे ठाऊक असल्याशिवाय बियांचं शैक्षणिक साधन होत नाही.

१९५७ मध्ये काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. इथे अडचण निराळी होती. सात-आठ वर्षांचा वारली मुलगा रिकामा नसतो. त्याच्यामागे गुरं असतात, आणि घरचं खाणं त्यावर अवलंबून असतं. बहिणीच्या कडेवर धाकटं भावंड असतं. ते कुणाकडे टाकून ती शाळेत येणार? या मुलांची ‘शाळाबाह्य’ म्हणून नोंद करणं सोपं होतं. कोसबाडला गुरांच्या मागे कुरणातच शाळा नेली. फळा, पाट्या आणि तक्ते घेऊन शिक्षक माळावर जायचे. गुरं चरत असताना मुलांचा धडा व्हायचा. ही कुरणशाळा. धाकट्या भावंडासाठी शाळेलाच पाळणाघर आणि बालवाडी जोडली. बाळ पाळणाघरात, मधलं बालवाडीत आणि ताई पहिलीत, सगळी एकाच आवारात. ही विकासवाडी. मुलगी शाळेत का येत नाही याची कारणं लिहिलेला एखादा अहवाल एरवी निघाला असता. कोसबाडला ते कारणच दूर केलं गेलं.

मला अनुताईंचं सर्वांत मोठं काम वाटतं ते हे. मूल शाळेत येत नाही तेव्हा काहीतरी चुकतंय हे सगळ्यांनाच कळतं. ती चूक शाळेच्या जागेत, वेळेत किंवा रचनेत असू शकते असं धरून चालणारे शिक्षक फार थोडे. अनुताईंनी मुलाच्या घरची गरिबी, त्याचं काम, त्याची गुरं हे सगळं गृहीत धरून मगच शाळेचं वेळापत्रक आखलं. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या, त्यानंतरही जवळजवळ दोन दशकं, १९९२ च्या सप्टेंबरात डोळे मिटेपर्यंत, त्या ह्याच टेकडीवर होत्या. कोसबाडला असतानाच, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी बी.ए. केलं. शिकवणाऱ्याने शिकत राहिलं पाहिजे हे त्यांना व्याख्यानात सांगावं लागलं नाही.

१९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधी दहा वर्षं, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि ‘अंगणवाडी’ देशभर गेली. नाव पोचलं आणि आहारही पोचला. मुलांना शिकवण्याचं काम मात्र मागे पडत गेलं. आज अंगणवाडीतली बाई पोषण आहार वाटते, वजनं घेते, मोबाइलवर माहिती भरते, लसीकरणाला मुलं गोळा करते. उरलेल्या वेळात गाणी-गोष्टी. तिला पगार नाही, मानधन आहे. ती ‘सेविका’ आहे, शिक्षिका नाही. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या, तेव्हाही त्यांना मानधनवाढ, ग्रॅच्युइटी यांसाठीच झगडावं लागलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचं शिक्षण पायाभूत मानलं आहे. तो पाया जिच्या हाती सोपवला, तिला शिक्षकाचं वेतन आणि शिक्षकाचं प्रशिक्षण द्यायला आपण तयार नसू, तर अनुताईंच्या फोटोला हार घालण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

आणि दुसरीकडे शाळाच मुलांपासून लांब न्यायच्या गोष्टी चालल्या आहेत. वीसपेक्षा कमी पटाच्या १४ हजारांहून अधिक शाळा राज्यात आहेत, त्या एकत्र करून समूह शाळा काढाव्यात, असा प्रस्ताव २०२३ मध्ये पुढे आला. मोठ्या शाळेत मैदान असेल, प्रयोगशाळा असेल, प्रत्येक इयत्तेला शिक्षक असेल, हे खरं आहे. दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळण्यात मुलांचं नुकसान होतं, हेही खरं आहे. पण पटाचा आकडा ज्या पाड्यांवर लहान आहे, तिथेच पावसाळ्यात ओढे भरतात, तिथेच एसटी जात नाही, आणि तिथेच सहा वर्षांच्या मुलीला रोज गाडीतून दूर पाठवायला आई धजत नाही. शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं ठरवलं, ते उगाच नव्हे. शाळा लांब गेली की पहिल्यांदा गळते ती धाकटं भावंड सांभाळणारी मुलगी, म्हणजे जिच्यासाठी विकासवाडी उभी राहिली ती.

म्हणून सरकारने एवढं करावं. ज्या पाड्यावरची शाळा हलवायची म्हणतात, तिथल्या प्रत्येक मुलाच्या घरी आधी शिक्षकाने जावं. मूल दिवसभर काय करतं, कुणाला सांभाळतं, वाटेत काय लागतं, हे लिहून आणावं आणि ती नोंद हातात आल्याशिवाय कुणीही हलवण्याच्या आदेशावर सही करू नये. आणि या कामासाठी शिक्षकाला निवडणुकीच्या याद्या नि ऑनलाइन माहिती भरण्यातून मोकळं करावं. कोसबाडला हे आधी झालं होतं, शाळा कुठे काढायची ते नंतर ठरलं.